वसंतातील कंदपुष्पे आणि त्यांचे शेजारी

इंग्लंड, हॉलंड, जर्मनी यांसारख्या उत्तरेकडील देशांत वसंताची चाहूल प्रथम जमिनीवर लागते. झाडांना ती मागाहून कळते. ओक आणि बीच यांच्या फांद्या अद्याप उघड्याबोडक्या असतात, पहाटे गवतावर हिमकण साचलेले असतात, आणि अशा वेळी काळ्या मातीतून स्नोड्रॉपची इवलीशी पांढरी घंटा वर येते. तिच्यामागून क्रोकस, क्रोकसमागून डॅफोडिल आणि हायसिंथ, आणि अखेरीस एप्रिल-मे महिन्यांत ट्यूलिप, अशी ही मिरवणूक चालते. चार-पाच महिने ढगाळ आभाळाखाली काढलेल्या माणसाला या फुलांचे केवढे अप्रूप वाटत असेल, याची कल्पना ज्याच्या अंगणात जास्वंद बारमाही फुलते त्याला सहजासहजी यावयाची नाही.

या सोहळ्याला एक उत्तरार्ध आहे, आणि कंद विकणाऱ्या कंपन्यांच्या रंगीत सूचिपत्रांत तो कधीच दाखवलेला नसतो. ट्यूलिपचे फूल फार तर दोन आठवडे टिकते. पाने मात्र त्यानंतर सहा ते आठ आठवडे राहतात. ती आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग जमिनीवर लोळतात, आणि शेवटी पावसात भिजलेल्या काथ्यासारखी दिसू लागतात. बागेला खरा बहर येण्याचा हाच काळ. पाहुणे बागेत चहाला येण्याचाही हाच. तेव्हा घरमालक कात्री घेऊन बाहेर पडतो, सारी पिवळी पाने जमिनीलगत कापून टाकतो आणि वाफा स्वच्छ झाला म्हणून समाधान मानतो. पुढल्या वर्षी त्या वाफ्यात पाने येतात, फूल येत नाही. इंग्रज माळी अशा कंदाला ‘आंधळा’ म्हणतात. त्याला आंधळे कोणी केले, हे घरमालकाच्या ध्यानात येतेच असे नाही. तो पुन्हा नवे कंद विकत आणतो.

कंदपुष्पांच्या सोबतीला अनेक वर्षे जगणारी इतर झाडे, म्हणजे बहुवर्षायू झाडे, लावण्याची जी पद्धत पाश्चात्त्य उद्यानकलेत रूढ झाली, तिचे मूळ या पिवळ्या पानांच्या अडचणीत आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की, ही जोडी रंगांच्या मेळासाठी जुळवावयाची असते. रंगांचा विचार त्यात आहेच. परंतु तो दुय्यम होय. मुख्य विचार दोघांच्या वेळापत्रकांचा. एकाचे उठण्याचे दिवस सरत असता दुसऱ्याचे वाढण्याचे दिवस यावेत, आणि वाढणाऱ्याने मावळणाऱ्याला आपल्या पानांआड घ्यावे, एवढीच त्यातली युक्ती आहे.

ती नीट समजण्यासाठी हॉलंडला जावयास नको. स्वयंपाकघरातील कांद्याची टोपली पुरे आहे. पावसाळी हवेत टोपलीतल्या कांद्याला हिरवा मोड येतो. त्याला माती नसते, पाणी नसते, तरी तो बोटभर वाढतो; आणि मोड वाढत जातो तसतशा कांद्याच्या पाकळ्या लिबलिबीत होत जातात. असा कांदा उभा चिरला तर तळाशी एक कठीण चकती दिसते, तिच्यावर एकात एक बसलेल्या मांसल पाकळ्या दिसतात आणि मधोमध कोंब दिसतो. या पाकळ्या म्हणजे पानांचेच फुगलेले तळ होत. आदल्या हंगामात पानांनी उन्हात जे अन्न तयार केले ते या तळांत साठले, आणि पुढील कोंब त्या पुंजीवर वाढतो. डॅफोडिल, हायसिंथ, ट्यूलिप यांचे कंद याच जातीचे आहेत. क्रोकसचा कंद तेवढा निराळा. तो सुरणासारखा आतून भरीव असतो आणि त्याला घनकंद म्हणतात. पण पुंजीचा नियम त्यालाही चुकलेला नाही.

म्हणजे वसंतात जे फूल दिसते ते गेल्या वर्षीच्या पानांची कमाई असते. आणि फूल कोमेजल्यानंतर जी पाने उरतात, ती पुढील वर्षाच्या फुलासाठी कमाई करीत असतात. पुढच्या फुलाची कळीही पुढच्या वसंताची वाट पाहत नाही. ती याच उन्हाळ्यात, जमिनीच्या आत, डोळ्यांना न दिसेल अशी कंदाच्या पोटात घडते. डॅफोडिल फुलून गेल्यावर निदान सहा आठवडे त्याच्या पानांना हात लावू नये, हा नियम जाणत्या माळ्यांनी याच कारणास्तव घालून दिला आहे. कित्येक हौशी मंडळी पाने कापीत नाहीत, पण त्यांच्या वेण्या घालतात किंवा गाठी मारतात. वाफा त्यामुळे नीटनेटका दिसतो हे खरे. परंतु गाठ मारलेल्या पानाचा निम्माअधिक भाग उन्हाला पारखा होतो आणि त्याचे कामही त्या मानाने घटते. ही वेण्यांची चाल जितकी सुबक तितकीच निरर्थक म्हटली पाहिजे.

ट्यूलिपची गोष्ट याहून नाजूक आहे. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षे तोच राहतो; आतून नव्या पाकळ्या येतात, बाहेरच्या जुन्या सुकून जातात. ट्यूलिपचा कंद मात्र एकदा फुलला की संपतो. फुलण्याच्या काळातच त्याच्या कुशीत नवे कंद धरू लागतात, आणि जुन्याची जागा ते घेतात. पाने पुरेशी जगली तर त्यांतला निदान एक कंद फुलण्याइतका मोठा होतो. पाने लवकर गेली, किंवा जमीन उन्हाळ्यात ओली राहिली, तर एका मोठ्या कंदाऐवजी चार बारीक कंद उरतात आणि त्यांतला एकही फुलत नाही.

उन्हाळ्यात जमीन कोरडी असावी, ही ट्यूलिपची अट त्याच्या माहेरावरून आलेली आहे. ट्यूलिपचे नाव घेताच हॉलंड आठवते. परंतु तो मूळचा मध्य आशियातील डोंगरांचा रहिवासी. तेथे हिवाळा कडक, वसंत आखूड, आणि उन्हाळा रखरखीत व निर्जळ. बर्फ वितळते त्या आठ-दहा आठवड्यांत उगवायचे, फुलायचे, पुंजी जमवायची आणि ऊन तापण्यापूर्वी जमिनीखाली दडी मारायची, असे तेथील आयुष्य आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या आसपासच्या ट्यूलिपांचे प्रकार मोजविल्याचे लिहिले आहे. ते बत्तीस-तेहतीस भरले. युरोपात लायडनच्या वनस्पतिउद्यानाची सूत्रे १५९३ साली कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती आली, आणि त्याने लावलेले ट्यूलिप १५९४ च्या वसंतात फुलले. त्यानंतर हॉलंडात या कंदांवरून जो सट्टा माजला आणि १६३७ च्या फेब्रुवारीत जो कोसळला, तो एका वेगळ्या भाषणाचा विषय आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की, चार शतके हॉलंडात राहूनही ट्यूलिपच्या सवयी डोंगरातल्याच आहेत.

काश्मीरमधील जुन्या घरांच्या आणि दर्ग्यांच्या मातीच्या छपरांवर वसंतात ट्यूलिप आणि आयरिस फुलत असत, त्याचे रहस्यही हेच. उतरत्या छपरावर पाणी ठरत नाही. हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात कोरडी माती. त्या छपरांवर दुसरे कोणी असे तर ते गवत, आणि गवताने कंदांची पाने कोणी न सांगताच झाकली.

आता या पिवळ्या पानांच्या प्रश्नाला माणसाने जी उत्तरे शोधली त्यांकडे वळू. सर्वांत सोपे उत्तर प्रदर्शनी बागांचे. हॉलंडमधील लिसे गावाजवळचे कॉयकेनहोफ उद्यान १९५० साली लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३२ हेक्टरांच्या त्या बागेत दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत बाग खुली असते, आणि नंतर सारे कंद उपटून काढतात. श्रीनगर येथे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या काठी, २००७ साली सुरू झालेले इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान याच वळणाचे आहे. मार्चअखेर आणि एप्रिल असे तीन-चार आठवडे तेथे रंगांच्या पायऱ्या दिसतात. पुढे वर्षभर दरवाजा बंद. ज्या बागेत बहर ओसरल्यावर कोणी येणारच नाही तिला पिवळ्या पानांची लाज बाळगण्याचे कारण नाही. घरच्या बागेला अशी दारे लावता येत नाहीत. तिच्यात बाराही महिने माणसे राहतात, आणि दरवर्षी नवे कंद आणण्याचा खर्च सर्वांना झेपतोच असेही नाही.

दुसरे उत्तर विल्यम रॉबिन्सन या आयरिश उद्यानकाराचे. त्याने १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून बागेतील कवायती वाफ्यांविरुद्ध बंड पुकारले, आणि ससेक्समधील ग्रेव्हटाय येथील आपल्या मळ्यात डॅफोडिल हजारोंनी गवतात लावले. कंदाची पाने मावळेपर्यंत ते गवत कापावयाचे नाही, हा त्यातला दंडक. गवत उंच वाढते आणि पाने त्यात दिसेनाशी होतात. उपाय उत्तम, मात्र त्याला कुरण लागते.

तिसरे उत्तर छोट्या बागेला परवडण्याजोगे आहे, आणि त्याला शास्त्राइतकेच कलेचे रूप देणारी बाई म्हणजे गर्ट्रूड जीकिल. १८४३ साली जन्मलेल्या या बाई मूळच्या चित्रकार. दृष्टी अधू होत गेली तसतसे त्यांचे लक्ष कुंचल्यावरून बागेकडे अधिकाधिक वळले. सरे परगण्यातील मन्स्टेड वुड या आपल्या बागेत त्यांनी वाफ्याचा विचार कालक्रमाने केला. ओरिएंटल पॉपी हे खसखशीच्या कुळातील बहुवर्षायू झाड जूनमध्ये भडक फुलते आणि लगेच पार वाळून वाफ्यात खिंडार पाडते. बाईंनी त्याच्या शेजारी जिप्सोफिला लावली. पॉपी मावळू लागली की जिप्सोफिलाचा पांढऱ्या धुक्यासारखा पसारा त्या खिंडारावर पसरतो. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात बागेतील रंगयोजनेबरोबर अशा पुष्कळ तजविजी सांगितलेल्या आहेत. पुढे ग्रेट डिक्स्टरचे क्रिस्टोफर लॉइड यांनी २००५ साली याच एका विषयावर, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लागवडीवर, स्वतंत्र पुस्तक लिहिले.

या रीतीने जुळविलेल्या जोड्यांत सर्वांत निर्वेध जोडी डॅफोडिल आणि डेलिली यांची मानावी लागेल. डेलिली हे मूळचे पूर्व आशियातील झाड. तिचे एकेक फूल एकच दिवस टिकते, म्हणून हे नाव. तिची पाने लांब, अरुंद, कमानीसारखी वाकणारी, म्हणजे डॅफोडिलच्या पानांशी पुष्कळशी मिळतीजुळती असतात. डॅफोडिल फुलत असताना डेलिली नुकती वीतभर आलेली असते. महिन्याभरात ती गुडघाभर होते आणि डॅफोडिलची लोळणारी पाने तिच्या पानांत अशी मिसळतात की कोणती कोणाची हे जवळ जाऊन पाहिल्याखेरीज कळत नाही. जुलैत डेलिली स्वतः फुलते, तोवर खालची पाने कधीच वाळून मातीला मिळालेली असतात.

सावलीच्या जागी हॉस्टा. जपान, कोरिया आणि चीन हे तिचे देश. पत्रावळीएवढ्या रुंद पानांची ही वनस्पती वसंतात फार उशिरा जागी होते. एप्रिलमध्ये तिच्या जागी टोकदार कोंबांखेरीज काही नसते. त्यामुळे डॅफोडिलला हवे तेवढे ऊन मिळते, आणि मग मे-जूनमध्ये हॉस्टाची पाने उलगडून त्याच्यावर छत्र धरतात. नेचेही हेच काम करतात. मात्र हॉस्टाखाली ट्यूलिप लावण्याचा मोह आवरला पाहिजे. हॉस्टाला उन्हाळाभर ओलावा लागतो, आणि त्या ओलाव्यात ट्यूलिपचा कंद कुजतो. दोघांचे वेळापत्रक जुळते, पण तहान जुळत नाही. सूचिपत्रांतील सुंदर छायाचित्रे पाहून लावलेल्या पुष्कळ जोड्या याच कारणाने दोन वर्षांत फसतात.

ट्यूलिपला त्याच्यासारखाच कोरडेपणा सोसणारा सोबती हवा. नेपेटा, म्हणजे मांजरांना वेड लावणारी पुदिन्याच्या कुळातील वनस्पती, ही त्यासाठी नावाजलेली आहे. तिचा राखी-हिरवा पाला आणि फिकट जांभळे तुरे मे-जूनमध्ये सभोवार पसरतात आणि ट्यूलिपचे उघडे पडलेले पाय झाकतात. दुसरा सोबती खरा जिरॅनियम. आपल्याकडे कुंड्यांतून जिरॅनियम म्हणून जे लाल फुलांचे झाड लावतात ते त्याच कुळातील, पण निराळे. खरा जिरॅनियम थंड हवेचा, जमिनीलगत गादीसारखा पसरणारा. तिसरी अल्केमिला: हिच्या पंख्यासारख्या घडीदार पानांवर दवाचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन राहतात, आणि पुष्कळ इंग्रज गृहिणी तिला तेवढ्यासाठीच लावतात.

पिऑनीविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याजोगे आहेत. तिचे नवे कोंब वसंतात तांब्यासारखे लालसर असतात, आणि त्यांच्यामधून फिकट पिवळे डॅफोडिल उभे राहिले म्हणजे जे दृश्य दिसते ते फुलांइतकेच कोंबांचेही असते. बागेत फुलाखेरीज काही पाहावयाचे असते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ही जोडी पाहावी. शिवाय पिऑनीला एकदा लावल्यावर हलविलेले खपत नाही. ती एका जागी दशकानुदशके राहते. तिच्या शेजारचे कंदही त्यामुळे कुदळीपासून सुरक्षित राहतात.

कुदळीची ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. कंद जूनअखेर पूर्णपणे अदृश्य होतात. वाफ्यात मोकळी जागा दिसते, तेथे काहीतरी लावावे असे वाटते, आणि कुदळ नेमकी कंदाच्या मधोमध उतरते. बहुवर्षायू शेजारी असला तर तो वर्षभर त्या जागेची खूण म्हणून उभा असतो. पाने झाकण्याइतकाच हा त्याचा उपयोग आहे, आणि पुस्तकांतून त्याचा उल्लेख फार कमी होतो.

स्नोड्रॉप हा सर्वांत लहान आणि सर्वांत आधी येणारा. त्याला हेलेबोर शोभतो. हेलेबोर हिवाळ्यातच फुलतो. माळी त्याची जुनी, चामड्यासारखी पाने फुलांपूर्वी काढून टाकतात, त्यामुळे स्नोड्रॉपला उजेड मिळतो. नवी पाने पसरतात तोवर स्नोड्रॉपचे काम झालेले असते. याउलट ॲलियम, म्हणजे कांद्यालसणाचा शोभिवंत भाऊबंद. त्याचे जांभळे गेंद मे-जूनमध्ये कंबरेइतक्या दांड्यांवर डोलत असतात आणि त्याच वेळी खालची पाने वाळत असतात. त्याच्यासाठी शेजारी आधीपासून तयार असावा लागतो, म्हणून त्याला वाफ्याच्या मध्यभागी, जिरॅनियम किंवा नेपेटाच्या मागे लावतात.

लागवडीची रीत साधी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कंदाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट खोलीवर, टोक वर करून तो लावावयाचा. एकेकटा कंद ओळीत लावला तर पहाऱ्यावरच्या शिपायासारखा दिसतो. सात-आठांचे पुंजके शेजाऱ्याच्या गड्ड्याभोवती, पण त्याच्या मुळांत न घुसता, लावले तर बरे. फूल कोमेजताच त्याचे बोंड खुडावे, म्हणजे बी धरण्यात पुंजी खर्च होत नाही. दांडा आणि पाने मात्र ठेवावीत. शेजारी निवडताना जो कंदाच्या आधी उठून बसतो आणि दाट चटई करतो तो टाळावा. तो कंदाच्या पानांना झाकण्याऐवजी गुदमरवून टाकतो. उंदरांचा उपद्रव असेल तेथे ट्यूलिपपेक्षा डॅफोडिलवर भिस्त ठेवावी. डॅफोडिलचा कंद विषारी असल्याने त्याला ते तोंड लावीत नाहीत. ट्यूलिपचा कंद त्यांना मेजवानीच वाटते. ज्यांना ट्यूलिप वर्षानुवर्षे यावयास हवे असतील त्यांनी मोठ्या फुलांच्या संकरित जातींपेक्षा रानटी जाती घ्याव्यात. त्यांतलीच एक, इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत आढळणारी, क्लुसियसच्याच नावाने ओळखली जाते. बाहेरून लाल पट्ट्यांची, आतून पांढरी, आणि चणीने सडपातळ.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील वाचकाने यातले काय घ्यावे, हा प्रश्न साहजिक आहे. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी साधारण बारा ते सोळा आठवडे नऊ अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी लागते. ग्वाल्हेरच्या माघातल्या रात्री कितीही झोंबल्या तरी जमिनीत इतके आठवडे इतका गारवा टिकत नाही. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या बागेत जे ट्यूलिप दिसतात, त्यांचे कंद परदेशातून मागवलेले असतात. एका हंगामापलीकडे त्यांचा संसार चालत नाही. तेव्हा मैदानी मुलखात ट्यूलिपला कुंडीतला पाहुणा मानावे. नर्गिस, म्हणजे झुबक्यांनी फुलणारा डॅफोडिलचा भाऊ, हा थंडीबद्दल इतका हट्टी नाही आणि उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात फुलतो.

परंतु कंद आणि शेजारी यांचे नाते मराठी मुलखाला अपरिचित आहे असे मुळीच नाही. येथे फक्त त्याचा ऋतू निराळा. सह्याद्रीच्या सड्यांवर कंदांचा वसंत मृग नक्षत्राबरोबर येतो. पहिल्या सरींनंतर उघड्या कातळाच्या फटींतून दीपकाडी वर येते; फोडशीची पाने येतात आणि ती भाजीसाठी बाजारात जातात. आठ महिने जमिनीखाली काढलेली ही मंडळी घाईघाईने फुलून घेतात, कारण त्यानंतर गवत वाढते आणि भाद्रपदापर्यंत तेरडा व सोनकी यांचे रान माजून सारा सडा झाकून जातो. कोकणातील आणि गोव्यातील जांभ्याच्या सड्यांवरची पांढऱ्या फुलांची दीपकाडी आता दुर्मिळ झाली आहे. खाणी, रस्ते आणि बागायतीसाठी सडे फुटू लागल्यावर तिला पर्यायी जागा नाही.

घरच्या बागेतही उदाहरणे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये लाल कर्ण्यांसारखी फुलणारी हिपिॲस्ट्रम लिली फुलांनंतर पाने टाकीत नाही. तिची पाने पावसाळाभर हिरवी राहून कंद पोसतात, म्हणून तिला झाकणारा शेजारी नको, तिची पाने ‘फुले संपली’ म्हणून न कापणारा मालक तेवढा हवा. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो आणि नंतर भोवतालच्या पिलांवर वंश सोपवितो. त्याची विस्कटलेली पाने एखाद्या ठेंगण्या झाडामागे लावली म्हणजे खुपत नाहीत.

भुईचाफ्याचा प्रश्न या सर्वांहून वेगळा आहे. हळदीच्या कुळातील या झाडाची पाने हिवाळ्यात पार नाहीशी होतात, आणि चैत्र-वैशाखात कोरड्या भुईतून, एकही पान नसताना, पांढऱ्या-जांभळ्या सुवासिक फुलांचे झुबके थेट मातीवर उमलतात. खालच्या बाजूने जांभळट, वरून नक्षीदार अशी पाने पावसाबरोबर येतात. म्हणजे येथे झाकावयाचे काही नाही. वाचवावयाचे आहे ते फूल. उघड्या मातीत ते पायाखाली येते, झाडूखाली येते, आणि ज्या अंगणात ते आहे हे घरच्या जुन्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक नसते तेथे फावड्याखालीही येते. आंब्याच्या किंवा फणसाच्या विरळ सावलीत, आळे करून, कडेने मोंडो गवतासारख्या बुटक्या, सदाहरित, सावली सोसणाऱ्या झाडाचे ठोंबे लावले तर त्या जागेची खूण बारा महिने राहते. हिवाळ्यात मात्र त्या आळ्यात बेताचेच पाणी द्यावे, कारण जमिनीखालचा कंद तेव्हा झोपलेला असतो. आणि फेब्रुवारीअखेर साठलेला पालापाचोळा हाताने दूर करावा, खुरप्याने नव्हे, कारण कोंब तेव्हा मातीच्या अगदी वरच्या थरात आलेले असतात.